स्वस्त पुस्तकांचे ऋण

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



काशीला गेलेल्या मराठी यात्रेकरूला मणिकर्णिकेच्या उत्तरेकडचा गंगाकाठ परका वाटत नाही. बायजाबाई शिंदे यांनी १८३०च्या सुमारास उभारलेला शिंदे घाट, त्याला लागून संकठा घाट आणि थोडे पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट. संकठा घाटाला नाव मिळाले ते वरच्या गल्लीतील संकठादेवीमुळे. अडचणीत सापडलेला माणूस तिच्यापुढे साकडे घालतो. घाटाच्या पायऱ्या चढून अरुंद गल्ल्यांनी शहरात शिरले की काशीचे दुसरे एक वैभव भेटते. कचौडी गल्ली, राजा दरवाजा, गायघाट हे पत्ते उत्तर हिंदुस्थानातील असंख्य वाचकांनी प्रथम पाहिले ते स्वस्त पुस्तकांच्या वेष्टनावर. आल्हा, कजली, बिरहा, तोता-मैनेचा किस्सा, आरत्या आणि व्रतकथा यांच्या पातळ चोपड्या येथे छापल्या जात आणि गंगाजलाच्या गडूबरोबर यात्रेकरूच्या गाठोड्यातून गावोगाव जात.

अशा पुस्तकांना विद्वानांनी साहित्य म्हटले नाही आणि शाळांनी ती दप्तरात राहू दिली नाहीत. तरीही भाषेच्या इतिहासात त्यांचे ऋण मोठे आहे. आजच्या विवेचनाचा विषय ते ऋण हाच आहे.

इंग्लंडमध्येही असेच घडले होते. १७६४ मध्ये होरेस वॉलपोलने पडक्या गढीची भयकथा लिहिली आणि १७९४ मध्ये अ‍ॅन रॅडक्लिफच्या कादंबरीने वाचकांना वेड लावले. मात्र अनेक खंडांचे हे ग्रंथ कारागिराला किंवा मोलकरणीला परवडणारे नव्हते. तेव्हा प्रकाशकांनी तशाच कथा ३६ किंवा ७२ पानांत आटोपशीर करून, निळ्या कागदी वेष्टनात, सहा पेन्स किंवा एक शिलिंगाला विकायला काढल्या. टीकाकारांनी नाके मुरडली, पण पुस्तके फाटेपर्यंत हातोहात फिरत राहिली.

काशीत हे काम देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांनी केले. चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतल्यामुळे त्यांनी तेथील दऱ्या, गुहा आणि पडके किल्ले पायाखाली घातले होते. त्या भटकंतीतून ‘चंद्रकांता’ जन्माला आली. नौगढचा राजकुमार, विजयगढची राजकन्या, बटव्यात बेशुद्धीची औषधे बाळगणारे बहुरूपी ऐयार आणि आत शिरलेल्याला बाहेर न सोडणारे तिलिस्म, असा तिचा थाट. वाचकांची भूक एवढी वाढली की ‘चंद्रकांता संतति’ २४ भागांपर्यंत गेली. १८९८ मध्ये खत्रींनी काशीतच स्वतःचा लहरी प्रेस काढला. १९९४ मध्ये हीच कथा दूरदर्शनवर आली, तेव्हाचा क्रूरसिंह अनेक माजी विद्यार्थ्यांना आजही आठवत असेल.

याच काळात, १८९३ मध्ये, काशीत नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली. नागरी लिपीला कचेरीत स्थान मिळावे म्हणून सभेने निवेदने दिली, सह्या गोळा केल्या, आणि १९०० मध्ये सरकारने ते स्थान दिलेही. सभेचे कार्य थोर होते यात शंका नाही. पण कचेरीत मान मिळाल्याने लिपी घराघरात पोचत नाही. त्यासाठी माणसाला ती शिकावीशी वाटावी लागते. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी हिंदी साहित्याच्या इतिहासात खत्रींच्या कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीत बसवले नाही. मात्र खत्रींइतके वाचक दुसऱ्या कोणी निर्माण केले नाहीत आणि ‘चंद्रकांता’ वाचण्यासाठी कितीतरी उर्दू जाणणारे लोक हिंदी शिकले, हे त्याच आचार्यांनी प्रांजळपणे नोंदवले आहे. प्रतिकूल परीक्षकाने दिलेले प्रशस्तिपत्र अधिक विश्वसनीय असते.

काशीजवळच्या लमही गावी जन्मलेल्या आणखी एका मुलाची हकीकत शिक्षकांनी तर अवश्य ध्यानी ठेवावी. तेराव्या वर्षाच्या सुमारास गोरखपुरात शिकत असताना त्याला कादंबऱ्यांचे वेड लागले. पुस्तके विकत घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा तो एका पुस्तकविक्रेत्याकडून इंग्रजीच्या गाइडे नेऊन शाळेतल्या मुलांना विकू लागला आणि त्या मोबदल्यात दुकानातल्या कादंबऱ्या घरी नेऊन वाचू लागला. त्यांत लंडनच्या स्वस्त साप्ताहिकांतून गाजलेल्या रेनॉल्ड्सची भाषांतरेही होती. तो मुलगा म्हणजे पुढचे प्रेमचंद. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. त्यांचे हिंदी लेखन सुरू झाले तेव्हा कादंबरी विकत घेण्याची सवय लागलेला वाचक खत्रींनी आधीच घडवून ठेवला होता.

मराठीची वाटही यापेक्षा फार निराळी नाही. १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाले’ने अद्भुतरम्य कादंबरीला सुरुवात करून दिली. साक्षात हरिभाऊ आपटे यांची १८८५ची ‘मधली स्थिती’ही रेनॉल्ड्सच्या आधारे लिहिलेली होती. नाथमाधव आणि दातारशास्त्री यांनी वाचकांना रात्ररात्र जागवले. बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळापहाड यांना घेऊन हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. आजच्या अनेक आजोबांनी ती पुस्तके पाठ्यपुस्तकात लपवून वाचली आहेत.

या पुस्तकांत दोष नव्हते असे नाही. कथानके पुन्हा पुन्हा तीच येत, स्त्री बहुधा पळवून नेण्याची किंवा जिंकण्याची वस्तू असे, भाषा घाईत लिहिलेली असे. मुलाने आयुष्यभर त्यांतच रमावे असे कोणी म्हणणार नाही. पण त्यावरचा उपाय पुस्तक हिसकावून घेणे हा नव्हे. ते वाचून संपेल तेव्हा त्याहून चांगले दुसरे पुस्तक मुलाच्या हाताशी असावे, एवढी तजवीज मोठ्यांनी करावी.

मराठी माध्यमाच्या शाळेपुढे आज हाच प्रश्न उभा आहे. शाळा अक्षर शिकवते, व्याकरण शिकवते, परीक्षेची तयारी करून घेते. पण परीक्षा संपल्यावर मुलाने मराठी पुस्तक आपण होऊन उघडले नाही, तर साठ वर्षांचे हे कार्य अपुरेच राहील. प्रेमचंदांनी कादंबऱ्यांसाठी गाइडे विकली. आज घराघरात गाइडे विकत घेतली जातात आणि गोष्टीच्या पुस्तकासाठी मात्र पैसे उरत नाहीत.

म्हणून या वर्षी ग्रंथालयाला भेट देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी केवळ जाड पुठ्ठ्याचे संच पाठवू नयेत. त्यांनी स्वतः लहानपणी चोरून वाचलेल्या रहस्यकथा, भुताच्या गोष्टी आणि साहसकथाही पाठवाव्यात. पालकांनी मुलाच्या उशाशी असे पुस्तक सापडले तर रागावू नये, उलट पुढे काय झाले ते विचारावे. गोष्ट सांगता सांगता ते मूल आपली भाषा आपलीशी करील.