वारसा आणि विसर



आपण घराण्याची वंशावळ जपणारी माणसं. म्हणूनच आई किंवा आजी घरच्यांची नावं विसरू लागली, की मनात येतं, ‘आता पुढची पाळी माझी.’ त्या भीतीविषयी थोडं बोलतो.

१९९३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी दाखवलं, की एपीओई जनुकाचा ‘ई-४’ प्रकार असलेल्यांना अल्झायमरचा धोका जास्त असतो. पण तो असूनही अनेकांची स्मृती शेवटपर्यंत शाबूत राहते. तो नसूनही काहींना आजार गाठतो.

मेंदूतलं श्वेतद्रव्य म्हणजे एका केंद्राचा निरोप दुसऱ्याकडे पोचवणाऱ्या तंतूंचं जाळं. वर्षानुवर्षं रक्तदाब वाढलेला राहिला, की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, या जाळ्यात डाग पडतात आणि विचारांचा वेग मंदावतो. २०१९ सालच्या ‘स्प्रिंट माइंड’ अभ्यासात वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२०च्या खाली ठेवण्याचे उपचार ज्यांना दिले, त्यांच्यात हे डाग कमी वाढले.

जनुक बदलणं आपल्या हाती नाही. रक्तदाब मोजणं, डॉक्टरांना विचारून औषध नियमित घेणं मात्र आहे. वंशावळीत नावापुढे आजारही लिहून ठेवा. नातवंडं वेळीच सावध होतील.