घर भरलेलं, कट्टा रिकामा

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा-कॉलेजं बंद झाली आणि मुलं घरात अडकली. त्यांनी काय सोसलं असं विचारलं, की ‘एकटेपणा’ हे उत्तर लगेच मिळतं. मला ते अर्धंच पटतं. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असतील तर एकटं राहणार कोण? कुकरच्या शिट्ट्या, वडिलांचे ऑफिसचे फोन, आजोबांचा टीव्ही, आणि त्यातच मांडीवर मोबाइल ठेवून, कॅमेरा बंद करून तासाला बसलेली अकरावीतली मुलगी. मैत्रिणीशी मनातलं बोलायचं तर जिन्यावर जायचं, आणि तिथेही आतून हाक येणार, ‘कोणाशी बोलतेस गं इतका वेळ?’ चोवीस तास भोवती माणसं, पण आपल्या वयाचं कुणी नाही, आणि एकांतही नाही. तरुण मनाला इजा झाली ती हे दोन्ही एकदम गेल्यामुळे, असं माझं म्हणणं आहे.

‘जामा पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये २९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. देशोदेशींच्या ऐंशी हजारांवर मुलांपैकी साधारण चौघांत एकाला नैराश्याची आणि पाचांत एकाला चिंतेची लक्षणं जाणवण्याइतकी होती. साथीपूर्वीच्या अंदाजांच्या जवळपास दुप्पट. प्रश्नावलीतली लक्षणं म्हणजे आजार नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्याच आढाव्यात नैराश्य मोठ्या वयाच्या मुलांत अधिक दिसलं, आणि साथ लांबली तसं प्रमाण चढंच आढळलं. सवय झाली आणि निभावलं, असं झालेलं नाही. सात वर्षांच्या मुलाला आईबाप पुरतात, सतराव्या वर्षी ते पुरत नाहीत. मोठ्या मुलांत नैराश्य अधिक दिसलं, त्याचा अर्थ मी असा लावतो. वर्गात छळ सोसणाऱ्या काहींना घरी सुटल्यासारखं वाटलं असेल, तेही खरं. त्यांनाही सोबती नकोसे झाले नव्हते, छळणारे झाले होते.

वडीलधाऱ्यांचा आक्षेप वेगळा असतो: आमच्या पणजोबांनी प्लेग काढला, त्यांना कुठे नैराश्य आलं? आलं नाही कशावरून? मोजलं कुणी? शिवाय ही तुलनाच फसवी आहे. प्लेगात गावंच्या गावं रानात झोपड्या घालून राहायला जात. घर सुटे, शेजार सुटत नसे. पोरांना पोरं भेटत. या वेळी घर राहिलं आणि शेजार सुटला. मोबाइल होता ना, असं कुणी म्हणेल. होता, पण पुष्कळ घरांत सगळ्यांत मिळून एकच, आणि तोही सगळ्यांच्या देखत वापरायचा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ ही फोनवरची मोफत सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. सेवा चांगलीच आहे. फक्त तो क्रमांक लावायला आधी असा एखादा कोपरा लागतो, जिथून घरातल्या कुणाला ऐकू जाणार नाही.