काचबिंदूचे थेंब : बाटलीची किंमत आणि महिन्याचा खर्च

मोतीबिंदूने अंधुक झालेली दृष्टी शस्त्रक्रियेनंतर परत मिळते. काचबिंदूचे तसे नाही. डोळ्यातील वाढलेला दाब डोळ्यामागील नसेला हळूहळू इजा करतो आणि एकदा गेलेली दृष्टी कोणत्याही उपचाराने परत येत नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढील सुमारे 1 कोटी 12 लाख व्यक्तींना हा विकार आहे. त्यांपैकी बहुतेकांना आपल्या आजाराचा पत्ताच नसतो. ज्यांना कळते, त्यांच्यापैकी बहुतेकांसाठी थेंब जन्मभराचे होतात.

रायपूरच्या शंकर नगरात निवृत्तिवेतनावर संसार चालविणारे एखादे ज्येष्ठ गृहस्थ औषधाच्या दुकानात उभे आहेत, असे समजा. त्यांच्यासमोर दोन बाटल्या आहेत. टिमोलॉल 1978 पासून वापरात आहे आणि बरेच स्वस्त आहे. पण ते बहुधा दिवसातून दोनदा घालावे लागते. 1996 मध्ये आलेले लॅटानोप्रोस्ट महाग, परंतु रात्री एकच थेंब पुरतो. स्वस्त कोणते? छापील किमतीवरून याचे उत्तर मिळत नाही. दोन्ही डोळ्यांसाठी टिमोलॉलचे महिन्याला 120 थेंब लागतात, तर लॅटानोप्रोस्टचे 60. अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारणतः 80 थेंब निघतात. म्हणजे ती महिनाभर पुरते, मात्र हात थरथरून रोज दोन-तीन थेंब गालावर ओघळले तर पुरत नाही. सांधेदुखीच्या बोटांना कडक बाटली दाबवत नाही, हेही खर्चाच्या हिशेबात धरावयास हवे. दुकानदार ते धरीत नाही!

स्वस्ताईलाही मर्यादा आहे. दमा असलेल्यास किंवा हृदयाचे ठोके मंद असणाऱ्यास टिमोलॉल धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांना हे आधी सांगणे अत्यावश्यक आहे. लॅटानोप्रोस्टने डोळे लाल होतात, पापण्यांचे केस वाढतात, क्वचित बुबुळाचा रंग गडद होतो. शिवाय त्याच्या बहुतेक बाटल्या उघडेपर्यंत शीतकपाटात, 2 ते 8 अंशांत, ठेवावयाच्या असतात. रायपूरचा मे महिना 40 अंशांच्या वर जातो. दुपारी दुकानातून निघून उन्हात ठेवलेल्या गाडीत बाटली विसरली, तर महागडे औषध वाया जाण्याचा संभव असतो. शीतकपाटाशिवाय चालणारे प्रकारही आहेत. वेष्टनावरील सूचना वाचावी.

थेंब घालण्याची रीत साधी आहे, पण सहसा कोणी शिकवीत नाही. आडवे व्हावे, खालची पापणी ओढावी, बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये, एकच थेंब सोडावा. डोळ्यात दुसऱ्या थेंबाला जागाच नसते. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरावा. औषध घशात उतरून रक्तात मिसळण्याचे प्रमाण त्यामुळे घटते. दुसरे औषध असल्यास पाच मिनिटे थांबावे. दोन औषधे एकाच बाटलीत मिळत असतील, तर डॉक्टरांना त्याबद्दल विचारावे.

2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत लॅटानोप्रोस्टचा समावेश झाला. 2008 पासून सुरू झालेल्या जनऔषधी केंद्रांत मूळ नावाची औषधे कमी दरात मिळतात. आपले थेंब तेथे आहेत का, याची चौकशी करावी. ब्रिटनमधील 2019 च्या एका अभ्यासात आरंभीच लेसर उपचार घेतलेल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षे थेंबांविना काढता आली. हा पर्याय सर्वांना लागू नाही. पण पुढच्या तपासणीच्या वेळी चिठ्ठी आणि जुनी बाटली बरोबर नेऊन डॉक्टरांना त्याविषयी अवश्य विचारावे.