दहा वर्षं आधी कळलेली तारीख



सडेतोड भाषणांसाठी ओळखले जाणारे भाई केशवराव धोंडगे यांच्या कंधारात बोलायला उभं राहायचं म्हणजे गुळमुळीत बोलून भागत नाही. त्यांच्यासारखी तोफ डागणं मला जमायचं नाही, पण विषय सरळ मांडतो. सरकारी कार्यालयातली ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची वेळ आली की आपली दर वेळी तारांबळ का उडते?

तारीख अवचित उगवते, असं तर नाही. ‘विंडोज १०’ जुलै २०१५ मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा आधार, म्हणजे सपोर्ट, संपणार, हे मायक्रोसॉफ्टने तेव्हाच सांगून ठेवलं होतं. दहा वर्षं हाताशी होती. पण त्या ऑक्टोबरात आपल्याकडे काय चाललं होतं ते आठवा. अतिवृष्टीने मराठवाडा खरवडून काढला होता. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि पंचनामे, याद्या, खातेक्रमांक, ई-केवायसी असा सगळा ढीग तहसिलात येऊन पडला. पुढच्याच आठवड्यात ही तारीख. मागोमाग दिवाळी, मग २ डिसेंबरला नगरपरिषदांचं मतदान. अशात ‘मशीन दोन दिवस बंद ठेवतो’ म्हणणाऱ्याला साहेब काय म्हणाले असते, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की शेवटची तारीख कंपनीची असते. कामाची तारीख आपण आपल्या दिनदर्शिकेवरून ठरवायची. पगारबिलं, पंचनामे, निवडणूक, मार्चअखेर वगळून जे आठवडे उरतात, तेवढेच आपले. त्यातही गंमत अशी की, खरेदीचा पैसा बहुधा मार्चमध्येच सुटतो. खोकी येतात ती नेमकी अशा महिन्यात, जेव्हा कोषागाराच्या कामाला लागलेल्या एकाही मशीनला हात लावता येत नाही. मग खोकी भिंतीला लागून राहतात आणि वॉरंटी मात्र सुरू झालेली असते.

खरेदीचा हिशेब आता नुसत्या लायसनचा राहिलेला नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षा घटक लागतो आणि साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर तिला चालत नाहीत, म्हणजे अख्खं मशीनच बदलणं आलं. संस्थांना विंडोज १० वर तीन वर्षं वाढीव सुरक्षा अपडेट विकत घेता येतात. पहिल्या वर्षी दर मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट. मुदत घ्यायला हरकत नाही, पण ती नियोजनासाठी घ्यावी, झोपेसाठी नव्हे.

कुणी लिनक्सचं नाव काढेल. काढावंच. केरळच्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, आपल्या सीडॅकचं लिनक्सवर आधारित ‘बॉस’ही आहे. मात्र त्याआधी डिजिटल सहीचं डोंगल, अंगठ्याचं यंत्र आणि स्कॅनर त्यावर चालवून बघा.

खरी मेख जुन्या फायलींत आहे. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला ठराव नव्या मशीनवर उघडा. फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये रूपांतर करा, तर रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि जोडाक्षराची पहिली वेलांटी मधेच अडकते. खातेदाराच्या आडनावात असं झालं, तर तो माणूस पुढची पाच वर्षं दुरुस्तीचे अर्ज करत फिरतो. रूपांतरानंतर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहायला माणूस आणि दिवस नेमलेले नसतील, तर ते रूपांतर करूच नये.

न वाचता येणाऱ्या जुन्या कागदांचं हे दुखणं मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. निजामाच्या राज्यात आपलं सरकारी दप्तर उर्दूत होतं. १९४८ नंतर कारभार बदलला, कागद कपाटात राहिले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठा-कुणबी प्रमाणपत्रांसाठी कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारे शोधावे लागले. कागद होते, वाचणारे फारसे उरले नव्हते. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरमधल्या फायलींचं याहून वेगळं काही होत नाही.

मोठं काम टप्प्यांनी कसं रेटावं, याचा नमुना रिझर्व्ह बँकेचा आहे. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपूनही अनेक एटीएम तिच्यावरच चालत होती. जून २०१८ मध्ये बँकेने परिपत्रक काढलं: सप्टेंबरपर्यंत २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जूनपर्यंत सगळी. वेळापत्रक असं असावं, मधल्या टप्प्यावरच कुठे अडलं ते कळतं.

अर्थात, नवी सिस्टिम म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभर कहर केला, त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. बळी पडलेली बहुतेक यंत्रं आधार चालू असलेल्या विंडोज ७ ची होती. दुरुस्ती कुणी बसवलीच नव्हती.

कुठल्या मशीनचं काय करायचं, हे ठरवायला आधी नोंद हवी. आपल्या डेडस्टॉक रजिस्टरात मशीनचा क्रमांक असतो, किंमत असते, निर्लेखनाची तारीख असते. त्या मशीनवर कोणतं काम चालतं, हे मात्र कुठेच नसतं. उद्याच्या सत्रात त्यात तीन रकाने वाढवण्याचा ठराव येणार आहे: चालणारं काम, जोडलेली उपकरणं, आणि त्यावर बसणारा माणूस. मांडणाऱ्यांनी एक अट त्यात घालावी. हे रकाने साहेबांनी नव्हे, मशीनवर बसणाऱ्याने भरायचे. आणि तो कंत्राटी असला, तरी त्याचं नाव लिहायचं.