पाण्याची वाट शोधणारा नकाशा



गावाशेजारी कारखाना असला की आपण विचारतो, तो घरापासून किती लांब? प्रश्न बरोबर आहे, पण पुरेसा नाही. जमिनीत मुरलेलं रसायन पाण्याबरोबर पुढे सरकतं. म्हणून पाण्याची वाट कुठून जाते, हेही विचारायला हवं.

अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाची वस्ती होती. तिथल्या अर्धवट खोदलेल्या जुन्या कालव्यात १९४२ ते १९५३ या काळात एका रसायन कंपनीने सुमारे वीस हजार टन विषारी कचरा पुरला. पुढे त्यावर शाळा आणि भोवती घरं झाली. १९७८ साली सरकारने कालव्याला लागून असलेली घरं रिकामी करायला घेतली. लांबच्या घरांना धोका नाही, असं सांगितलं.

लोइस गिब्ज या तिथल्याच गृहिणी. त्यांचा मुलगा त्याच शाळेत जाऊन आजारी पडलेला. त्यांनी आणि शेजारणींनी घरोघरी विचारून आजार, गर्भपात, बाळांमधली व्यंगं नकाशावर मांडली. खुणा कालव्याभोवती गोल पडल्या नाहीत, तर ओळीने लांबवर गेल्या. जुन्या रहिवाशांनी ओळखलं, इथून पूर्वी ओहोळ वाहायचे! ते बुजवून घरं बांधली होती, पण जमिनीखाली पाण्याची वाट तशीच होती. शास्त्रज्ञ बेव्हर्ली पेगन यांनी या माहितीचा नीट अभ्यास केला. अधिकाऱ्यांनी आधी ती गृहिणींची माहिती म्हणून बाजूला सारली. पण फेब्रुवारी १९७९ मध्ये लांबच्या घरांतल्या गरोदर बायांना आणि दोन वर्षांखालच्या मुलांनाही तिथून हलण्याचा सल्ला द्यावा लागला. १९८० मध्ये उरलेल्या कुटुंबांनाही बाहेर पडण्याची सोय झाली.

आज तज्ज्ञ हेच काम संगणकावर करतात. विहिरींची पाणीपातळी, जमिनीचा उतार, माती-खडकाचे थर आणि पाण्यातली रसायनं यांची मापं घालून, विष काही वर्षांनी कुठवर पोहोचेल याचा अंदाज बांधतात. याला मॉडेल म्हणतात. आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी भेगांमधून वाहतं, त्यामुळे जवळची विहीर चांगली आणि लांबची खराब, असंही होऊ शकतं. बुजवलेला ओढा मॉडेलमध्ये घातलाच नाही, तर उत्तर चुकतं. आणि तो ओढा ठाऊक असतो गावातल्या आजीला.

म्हणून बचत गटाच्या बैठकीत गावाचा नकाशा काढा. विहिरी, बोअर, हातपंप, जुने ओढे, सांडपाण्याचा नाला दाखवा. पाण्याचा रंग किंवा वास कधी बदलला, ती तारीख लिहा. आजारांची नोंद घरच्यांना विचारूनच करा आणि नावाऐवजी क्रमांक टाका.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. पाणी उकळल्याने जंतू मरतात, जड धातू जात नाहीत. आणि गावातल्या साध्या तपासणी किटमध्ये कारखान्याची बहुतेक रसायनं कळत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

आपला नकाशा म्हणजे पुरावा नव्हे. पण नमुना कुठल्या विहिरीतून घ्यायचा, हे तो सांगतो. तो ग्रामसभेत मांडा, प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्जासोबत द्या, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.