हाडांच्या वाटेने येणारा शब्द
(धाड येथील देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्या मेळाव्यातील भाषण)



धाड व आसपासच्या खेड्यांतून येणारे पालक आम्हांला वरचेवर विचारतात, ‘कानात न घालता डोक्याला लावायचे यंत्र आमच्या बाळाला चालेल का?’ आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

दोन्ही कान बोटांनी बंद करून फुटाणे चावून पाहावेत. कुरकुर मोठी ऐकू येते, कारण जबड्याची व कवटीची कंपने थेट अंतर्कर्णात पोहोचतात. हेच अस्थिवहन. यंत्राचा मायक्रोफोन शब्द टिपतो आणि कानामागील हाडावर टेकलेली चकती त्याची कंपने हाडाला देते. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे १९७७ साली हाडात टायटॅनियमचा स्क्रू रोवून त्यावर असे यंत्र बसविण्यात आले. तान्ह्या मुलांना शस्त्रक्रियेची गरज नाही. मऊ पट्ट्याने ते डोक्याला बांधता येते.

जन्मतः कानाची वाट बंद असलेल्यांना, किंवा कान सतत वाहत असल्याने नेहमीचे यंत्र घालता न येणाऱ्यांना ते उपयोगी पडते. अंतर्कर्ण मात्र शाबूत हवा. तोच निकामी असेल तर हाडावर कितीही कंपने दिली तरी उपयोग नाही.

गतवर्षी दोन्ही कानांची वाट बंद असलेले एक बाळ आले. घरच्यांनी बाजारातून गाणी ऐकण्याचा अस्थिवहन हेडफोन आणला होता. मोबाइलवरचे गाणे ऐकून बाळ हसे. आईची हाक मात्र त्याच्यापर्यंत जात नसे, कारण भोवतालचे बोलणे टिपून मोठे करण्याची सोय त्यात नव्हती. सहा महिने असे गेले. त्यांना दोष देववत नाही. ‘मोठे झाले की बोलेल’ असे त्यांना प्रथम आमच्याच बाह्यरुग्ण विभागात सांगण्यात आले होते. भाषा रुजण्याची पहिली दोन-तीन वर्षे परत मिळत नाहीत, हे आम्हांस ठाऊक असावयास हवे होते.

म्हणून यंत्राआधी तपासणी. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा लावून श्रवणनसेचा प्रतिसाद मोजणारी ‘बेरा’ चाचणी हवेच्या व हाडाच्या, दोन्ही वाटांनी करावी लागते. मुंबईला वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत मार्गदर्शन मिळते; पण तान्हे मूल घेऊन तेथवर जाणे रोजंदारीवरच्या आईबापांना झेपत नाही. यंदा देणगीदारांकडे आमची मागणी दोनच गोष्टींची आहे : बेरा यंत्र आणि उसने देण्यासाठी काही पट्ट्यांची यंत्रे.

पालकांना एक विनंती. मूल मोठे होऊन पुढील उपचार झाले, की उसने नेलेले यंत्र परत आणून द्यावे. पट्टा आम्ही नवा घालू.