बांधावरचं झाड कुणाचं?
(तिसगाव, ता. पाथर्डी येथील शेतकरी बैठकीतील भाषण)



ज्वारीची कामं टाकून तुम्ही आलात. आज कापसाच्या भावावर बोलणार नाही. बोलायचंय बांधावरच्या चिंचेवर.

आजोबांनी लावलेली चिंच माझ्या बांधावर होती. एका वादळात ती मुळासकट पडली. साल दुष्काळाचं. म्हटलं, लाकूड विकून बियाणं आणू. व्यापारी म्हणाला, "कागद नाही, तर निम्मी किंमत." कागदासाठी हेलपाटे घातले. कागद हाती येईपर्यंत पाऊस लागला, लाकूड कुजलं. पोरानं विचारलं, "आबा, त्या जागी दुसरी चिंच लावायची का?" मला उत्तर देता आलं नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 25 सांगतं, की कब्जातल्या जमिनीवरच्या झाडांचा हक्क जमीनधारकाचा. पण 1964 चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा सांगतो, की यादीतलं झाड परवानगीशिवाय तोडायचं नाही. यादीत साग, चंदन, खैर तर आहेतच; आपला आंबा, चिंच, जांभूळही आहे. म्हणजे झाड तुमचं, राखण तुमची, पण कुऱ्हाड विचारून! मूळ कायद्यात दंड 1000 रुपयांपर्यंत होता. ऑगस्ट 2024 मध्ये मंत्रिमंडळानं तो 50,000 करायचं ठरवलं. दंड पन्नास पट करून बांधावर एक तरी रोप वाढेल का?

उलटंच होतं. ज्या झाडापायी उद्या कचेरीची पायरी चढावी लागेल, त्याचं रोप माणूस खुरपणीतच उपटतो. कर्नाटकात शेतातलं चंदनसुद्धा सरकारी मालमत्ता होतं. अखेर 2001 साली कायदा बदलून मालकी लावणाऱ्याला द्यावी लागली. बांबूचं तेच. 1927 च्या वन कायद्यानं त्याला झाड ठरवलं होतं. 2017 साली त्याला त्या व्याख्येतून वगळलं, तेव्हा कुठं शेतातल्या बांबूची तोडणी-वाहतूक मोकळी झाली.

कुणी म्हणेल, मोकळीक दिली तर शेतकरी रान उजाड करतील. अहो, उन्हाळ्यात बैल सावलीला कुठं उभा करायचा, हे शेतकऱ्याइतकं कुणाला कळतं? चढावरची, ओढ्याकाठची झाडं माती धरतात; ती राखायलाच हवीत. पण ज्यानं लावलं, पाणी घातलं, त्याला चोर समजून झाडं वाचत नाहीत.

कायदा बदलेपर्यंत तीन गोष्टी करा. एक, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. दोन, झाड मेलं असेल, रोगट असेल, वाऱ्यानं पडलं असेल, जीविताला किंवा मालमत्तेला धोका असेल, तर परवानगी नाकारायची नाही, असं याच 1964 च्या कायद्यात लिहिलंय. अर्जात ते कारण स्पष्ट लिहा. दुसरं झाड लावायची अट घातली तर खुशाल लावा. तीन, बांधावरच्या झाडांची नोंद पीक पाहणीत करून घ्या. नोंद नाही, तर उद्या तुमचंच झाड तुमचं म्हणून सिद्ध करत बसाल.

आणि मागणी एकच: लावलेल्या झाडावर लावणाऱ्याची मालकी, तोडणीसह. ती मिळेल त्या दिवशी पोराला सांगेन, आण रे चिंचेचं रोप.